डिस्नेची वारी : कशाचं बुकिंग किती आधी?

दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच मे महिन्याच्या सुटीबद्दलची पत्रं यायला लागतात. यंदा निम्म्याहून जास्त पत्रांत एकच प्रश्न आहे : थीम पार्कच्या सहलीचं बुकिंग किती आधी करायचं? उत्तर प्रत्येकाला वेगळं द्यावं लागतं, म्हणून यातली आणि वर्षभरात आधी आलेली निवडक पत्रं इथे घेते.

पुढच्या मे महिन्यात फ्लोरिडाच्या डिस्ने वर्ल्डला जायचा बेत आहे. मुलगी आठ वर्षांची, मुलगा चार. विमानाची तिकिटं आत्ता स्वस्त दिसताहेत. काढून टाकू का? (ठाणे)

इतक्यात नको. चौघांचा व्हिसा हातात आहे का, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही आणि सगळं घोडं तिथेच अडतं. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसासाठी मुंबईत मुलाखतीची तारीख कधी काही महिन्यांनंतरची मिळते, तर कधी वर्षापलीकडची. २०२२-२३मध्ये लोकांनी तीही वाट पाहिली. व्हिसा असेल तर सहा-आठ महिने आधी तयारीला लागलात तरी भरपूर झालं. नसेल तर आज अर्ज भरा आणि मे महिना सध्या पेन्सिलीने लिहून ठेवा. हा व्हिसा सहसा दहा वर्षांचा मिळतो, त्यामुळे जायचं नक्की नसतानाही काढून ठेवलेला वाया जात नाही.

त्याही आधी कपाटातून मुलांचे पासपोर्ट काढून तारखा बघा. आपला पासपोर्ट दहा वर्षांचा, पण मुलांचा पाचच वर्षांचा. आमच्याच घरात भाचीच्या पासपोर्टची मुदत संपलेली निघाली, तीही सगळे व्हिसाचा अर्ज भरायला बसल्यावर. बहीण म्हणाली, ‘अगं, आत्ताच तर काढला होता!’ त्या ‘आत्ताच’ला साडेपाच वर्षं झाली होती.

मे महिना मात्र चांगला निवडलात. तिथल्या बहुतेक शाळांना सुटी लागते ती मेअखेर किंवा जूनमध्ये, आणि मेचा शेवटचा सोमवार हा त्यांचा मेमोरियल डे. त्याआधीच्या दोन-तीन आठवड्यांत गर्दी बेताची असते. ऊन असतं, पण ठाणेकराला उन्हाचं काय सांगायचं?

आता पार्कचं. चार पार्क आहेत : मॅजिक किंग्डम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि ॲनिमल किंग्डम. तिकीट तारखेचं असतं आणि तारखेप्रमाणे दर बदलतो. व्हिसा आणि विमान पक्कं झालं की तीन-चार महिने आधी घ्या. जेवणाच्या टेबलांचं आरक्षण मात्र बरोबर साठ दिवस आधी उघडतं, तिथल्या पहाटे सहाच्या सुमारास. अमेरिकेतली मंडळी त्यासाठी गजर लावून उठतात. आपल्याकडे तेव्हा दुपारचे साडेतीन वाजलेले असतात. चहाचा कप घेऊन बसा आणि आधी ॲनिमल किंग्डम लॉजमधलं ‘साना’ बघा. नान आणि सोबत वाट्यांमधून नऊ तऱ्हेच्या चटण्या-कोशिंबिरी येतात, आणि खिडकीबाहेर जिराफ चरत असतात. चार दिवस बर्गर खाल्लेल्या शाकाहारी माणसाला त्या नानाची किंमत कळते.

शेवटचा टप्पा लाइटनिंग लेनचा, म्हणजे रांग टाळायच्या जादा पैशाच्या सोयीचा. डिस्नेच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना ती मुक्काम सुरू होण्याच्या सात दिवस आधी मिळते, बाहेर उतरणाऱ्यांना पार्कच्या दिवसाआधी फक्त तीन दिवस. वेळ तिथली सकाळी सातची, म्हणजे उन्हाळ्यात आपली दुपारची साडेचार. सात दिवस आधी तुम्ही घरी, स्वतःच्या वायफायवर असता. तीन दिवस आधी बहुधा विमानतळावर असता, किंवा न्यू जर्सीत मावसबहिणीच्या सोफ्यावर झोपेने पेंगत. हॉटेल निवडताना हा फरकही हिशेबात धरा.

टोकियो डिस्नेसाठी पाच महिन्यांनंतरची तारीख टाकतोय, पण तिकिटंच दिसत नाहीत. सगळी संपली का? (पुणे)

संपली नाहीत, विक्रीलाच आलेली नाहीत. टोकियोत तिकीट साधारण दोन महिने आधी खुलं होतं. तुम्ही पुणेकर, वेळेच्या आधी पोहोचलात एवढंच!

जपानच्या बाबतीत फार आधी धावून उपयोग नसतो. एका प्रवेशाचा पर्यटक व्हिसा मिळाल्यापासून तीन महिन्यांत वापरावा लागतो, त्यामुळे सहा महिने आधी काढला तर वाया जाईल. आधी करायची ती दोनच कामं : विमान आणि हॉटेल. तारखा निवडताना २९ एप्रिल ते ५ मेचा ‘गोल्डन वीक’ टाळा. त्या आठवड्यात सगळा जपान घराबाहेर पडलेला असतो.

दोन पार्क आहेत. १९८३चं डिस्नेलँड आणि २००१चं डिस्नेसी. एकच दिवस असेल तर मी डिस्नेसी म्हणेन. असं पार्क जगात दुसरीकडे नाही, आणि २०२४च्या जूनपासून तिथे ‘फँटसी स्प्रिंग्ज’ हा नवा भागही सुरू झाला आहे.

आणि एक अनुभव सांगते. विक्री उघडायच्या दिवशी मी वेळेवर बसले, तारीख निवडली, पैसे भरायला गेले आणि कार्ड नाकारलं गेलं. तीनदा. मी त्या संकेतस्थळाला यथेच्छ नावं ठेवली. मग लक्षात आलं की कार्ड नवीन होतं आणि बँकेच्या ॲपमध्ये परदेशी ऑनलाइन व्यवहाराचं बटण बंदच होतं. नवीन कार्ड तसंच येतं, ते आपण सुरू करायचं असतं. हे काम आदल्या दिवशी उरका.

दिवाळीच्या सुटीत हाँगकाँग डिस्नेलँड. दोनच महिने राहिलेत, उशीर झाला का? (नाशिक)

नाही. दोन महिन्यांत आरामात जमण्यासारखं हे एकच परदेशी डिस्ने. भारतीय पासपोर्टला चौदा दिवसांपर्यंतच्या भेटीसाठी व्हिसा लागत नाही, आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. ती फुकट आहे, सहा महिने चालते आणि निकाल लगेच कळतो. पण ती विमानाच्या तिकिटाआधी करा. काही जणांची नोंदणी नाकारली जाते. मग रीतसर व्हिसाचा अर्ज करावा लागतो आणि त्यात काही आठवडे जातात. तिकीट काढून बसल्यावर हे कळलं तर जीव टांगणीला लागतो.

तिथली मोठी झुंबड १ ऑक्टोबरपासूनच्या आठवड्यात असते, चिनी राष्ट्रीय दिनाच्या सुटीमुळे. दिवाळी बहुतेकदा त्यानंतरच येते. शनिवार-रविवार तेवढा टाळा. आजी-आजोबा बरोबर असतील तर साठीपुढच्यांना तिकिटात घसघशीत सवलत आहे.

एका टूर कंपनीने युरोपच्या सहलीत ‘एक दिवस डिस्नेलँड पॅरिस’ दिलंय. दहा महिने आधी पूर्ण पैसे भरले तर मोठी सूट. भरावेत का? (कोल्हापूर)

पूर्ण पैसे? मी भरणार नाही. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे फ्रान्ससह युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो. म्हणजे दहा महिने आधी भरलेले पैसे किमान चार महिने नुसते पडून राहणार, आणि व्हिसा नाकारला गेला तर त्यातले किती परत येतील, हे कागदावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. ते अक्षर मोठं करून वाचा. थोडी रक्कम भरून जागा धरता येत असेल तर जरूर धरा.

आणि ‘एक दिवस’ म्हणजे किती तास, हे विचारा. बस सकाळी अकराला सोडून संध्याकाळी सहाला उचलणार असेल तर मुलांच्या वाट्याला चार-पाच राइड येतील आणि रात्रीची आतषबाजी हुकेल.

मुलगी साडेतीन वर्षांची आहे. आत्ता न्यावी की थांबावं? (नागपूर)

वय बघू नका, उंची बघा. मॅजिक किंग्डममधल्या सात बुटक्यांच्या खाणगाडीला ९७ सेंटिमीटर लागतात, स्पेस माउंटनला ११२, ट्रॉनला १२२. दारात मोजपट्टी असते आणि तिथला कर्मचारी कितीही गोड हसला तरी अर्धा सेंटिमीटरही सोडत नाही. घरी दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने खुणा करताच ना? त्या बघून ठरवा. मोठं भावंड असेल तर धाकट्याला सांभाळत आईबाबांनी आळीपाळीने बसायची सोय असते. दुसऱ्याला पुन्हा पूर्ण रांग लावावी लागत नाही.

पैशाचा हिशेब असा, की फ्लोरिडात तीन वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही आणि दहाव्या वर्षापासून मोठ्यांचा दर. तुमचा फुकटचा मोका गेलाच आहे, तेव्हा निवांत पाच-सहा वर्षांची होऊ द्या.

सासू-सासरे साताऱ्याहून आमच्याकडे येताहेत. नाताळच्या सुटीत त्यांना ऑर्लँडोच्या डिस्ने वर्ल्डला नेऊ? (एडिसन, न्यू जर्सी)

नाताळ ते नववर्ष हा आठवडा सोडून कधीही न्या. वर्षातली सगळ्यात मोठी गर्दी आणि सगळ्यात चढे दर तेव्हाच असतात. नोव्हेंबरअखेरची थँक्सगिव्हिंगची सुटी उलटल्यावर डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात जा. रोषणाई आणि झाडं तोवर लागलेली असतात. मुलांची दोन-तीन दिवस शाळा बुडेल, बुडू द्या.

दिवसाला दहा-बारा किलोमीटर चालणं सहज होतं. पार्कमधल्या बॅटरीवरच्या गाड्या आधी धरून ठेवता येत नाहीत, पहिल्या येणाऱ्याला मिळतात. बाहेरच्या भाड्याच्या कंपन्या मात्र आधी बुकिंग घेऊन हॉटेलवर गाडी आणून देतात. सासरे ‘मी काय म्हातारा झालोय?’ म्हणतीलच. गाडी सासूबाईंच्या नावाने मागवा. दुपारी दोननंतर ती कोण चालवतंय ते बघा.

आम्ही खोपोलीच्या इमॅजिकालाच जाणार आहोत. त्यालाही नियोजन लागतं का? (सांगली)

‘च’ कशाला? मुलांना मजा तेवढीच येते. महिनाभर आधी काही करायला नको. आठवड्यातला मधला वार निवडा आणि चार दिवस आधी ऑनलाइन तिकीट काढा. थीम पार्क आणि वॉटर पार्क एका दिवसात उरकायचा हट्ट धरू नका, दोन्ही अर्धवट राहतात. धो धो पावसात उघड्यावरच्या राइड थांबवतात, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये जाणार असाल तर आदल्या रात्री हवामान बघून निघा. वॉटर पार्कमध्ये सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनचे पोहण्याचे कपडे घरूनच घ्या. सांगलीहून पहाटे चारला निघून त्याच रात्री परत यायचा विचार असेल, तर गाडी चालवणाऱ्याला विचारा. एक रात्र लोणावळ्यात काढलेली बरी.