अमेरिकेत खार आणि सशाच्या शिकारीसाठी परवडणारी .२२ रिमफायर (बुडाच्या कडेवर आघात होऊन उडणाऱ्या बारीक काडतुसाची) रायफल कोणती घ्यावी?
पहिलीच रायफल घ्यायची असेल, तर माझी पसंती बोल्ट-ॲक्शन (प्रत्येक गोळीनंतर हाताने खिटी ओढून पुढचे काडतूस चढवायची) सॅव्हेज मार्क २ ला राहील. १९६४ पासून बनणारी अर्धस्वयंचलित (पुढचे काडतूस आपोआप चढवणारी) रुगर १०/२२ अधिक लोकप्रिय असली, तरी खारीच्या डोक्याएवढ्या लक्ष्यावर पहिलीच गोळी अचूक बसणे महत्त्वाचे असते, कारण जखमी होऊन निसटलेले जनावर तडफडत मरते आणि ते मला अक्षम्य वाटते. सगळे पैसे रायफलीवर खर्च करू नयेत. प्रत्येक नळीला वेगळे काडतूस मानवते, म्हणून ‘.२२ लाँग रायफल’ या नावाने मिळणारी चार-पाच प्रकारची काडतुसे आणून, रायफलीला टेकू देऊन ५० यार्डांवर नेम तपासावा आणि ज्याच्या गोळ्या सर्वांत जवळजवळ लागतील तेच काडतूस कायम वापरावे. कॅलिफोर्नियात मात्र १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळीला बंदी आहे.