ऑफर लेटर हातात असताना थेट जर्मनीला यावं का?

तू विचारलंस: कोल्हापुरात मेकॅनिकलचं शेवटचं वर्ष संपतंय, पुण्यातल्या कंपनीचं ऑफर लेटर हातात आहे, तर ते सोडून थेट जर्मनीला एमएसला यावं, की दोन वर्षं नोकरी करून? उत्तर दोन ओळींत देता आलं असतं. पण मी स्वतः सांगलीहून, निकाल लागला तशी थेट इकडे आलेली. त्यामुळे लांबणार आहे.

ब्लॉक्ड अकाउंट (राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच जमा करून ठेवायचं खातं), विमा, व्हिसाची यादी हे सगळं वकिलातीच्या साइटवर आहे आणि सारखं बदलतं. तिथेच वाच. एजंटला पैसे देऊ नकोस, बस.

साइटवर जे नाही ते म्हणजे नावाचा घोळ. आपल्या मार्कलिस्टवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टात वडिलांचं नाव ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात जाऊन बसतं, आणि इथल्या लोकांच्या लेखी ते तुझंच दुसरं नाव होतं. माझ्या ऑफिसच्या ईमेल आयडीतसुद्धा बाबा आहेत. नवीन आलेला कोणीतरी हमखास मला त्यांच्या नावाने हाक मारतो. त्यावर हसून झालं असतं. पण डिग्रीवर एक क्रम आणि पासपोर्टवर दुसरा, एवढ्यावरून परदेशी नागरिकांच्या कार्यालयाने माझी फाइल अडकवली आणि राहण्याच्या परवान्याचं कार्ड येईपर्यंत एक तात्पुरता घडीचा कागद हातात दिला. तो घेऊन भारतात जाऊन परत येता येईल का, यावर काउंटरमागच्या दोघींचं एकमत होईना. त्या वर्षी बहिणीचं लग्न मी व्हिडिओ कॉलवर पाहिलं. अक्षता टाकायच्या वेळी नेमकं नेटवर्क गेलं. तेव्हा ट्रान्सक्रिप्टचे दोन-चार सीलबंद संच आत्ताच काढून ठेव, दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत असं प्रतिज्ञापत्रही करून ठेव. पुढे काही लागलं तर विद्यापीठाच्या खिडकीवर तुझे वडील रांगेत उभे राहतील, तू नाही. एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे आपली शिक्षणाची कागदपत्रं तपासल्याचा दाखला, माझ्या वेळी नव्हतं, नोव्हेंबर २०२२ पासून आपल्याला लागतं. त्यालाही हीच कागदपत्रं.

आता नोकरीचं. एमएस इंग्रजीतून होईल, पण मेकॅनिकलच्या बहुतेक जाहिराती जर्मन मागतात. डिग्रीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात, ते लांबून भरपूर वाटतात. शिकताना सेमिस्टरमध्ये आठवड्याला २० तास काम करता येतं, आणि त्या जागाही आधी कुठेतरी हात काळे केलेल्याला लवकर मिळतात. माझ्या वर्गात चाकणला काम करून आलेला जालन्याचा एक मुलगा होता. तो मुलाखतीत ‘आमच्या लाइनवर’ अशी सुरुवात करायचा. मी ‘माझ्या कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये’ म्हणायचे. समोरच्याचा चेहरा कसा बदलतो ते बघायला भाषा यावी लागत नाही.

पण माझं खरं दुखणं हे नाहीच.

माझ्या मैत्रिणींनी पहिल्या पगारातून आईला साडी घेतली, देवापुढे पेढे ठेवले, वडिलांना हॉटेलात नेऊन बिल स्वतः दिलं. माझा पहिला पगार इथल्या खात्यात जमा झाला. मी बाबांना पैसे पाठवले, त्यांनी ते माझ्यासाठी म्हणून एफडीत टाकले. पुढच्या वेळीही तेच. अजूनही तेच. मी भडकले तर म्हणतात, “परक्या मुलखात आहेस, अडीअडचणीला असू दे.” मी इथे लोकांचे पगार ठरवण्याच्या मीटिंगमध्ये बसते, पण त्या घरात मी कमावती कधी झालेच नाही. भारतात मी एक रुपया कमावलेला नाही. सांगलीच्या बँकेत गेले तर फॉर्म बाबा भरतात आणि मी सांगतील तिथे सही करते. साहेबाला ‘हे जमणार नाही’ असं जर्मनमध्ये मी सहज म्हणते. मराठीत काकांनासुद्धा म्हणता येत नाही.

एकटेपणाचंही विचारलंयस. असतो. कुकर आण, रविवारी दुकानं बंद असतात म्हणून शनिवारी भाजी घेऊन ठेव, कुठल्यातरी क्लबात नाव घाल. होतं नीट.

मुलांचं तू विचारलं नाहीस, तुझं वयही नाही. तरी सांगते, कारण अजून जिरलेलं नाही. आम्ही बव्हेरियात, न्युर्नबर्गजवळ राहतो. इथे चौथीतच मुलाची पुढची शाळा ठरते. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास यांची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली असेल तर गिम्नाझियम, म्हणजे थेट विद्यापीठाकडे जाणारा रस्ता. १ हा सगळ्यात चांगला ग्रेड. आमच्या मुलाचे ३, २, ३. सरासरी २.६६. बाई गोड आवाजात म्हणाल्या, घरी दुसरी भाषा बोलता ना, मग स्वाभाविकच आहे. पुढे वळायचे रस्ते आहेत, सगळे सांगतात, आणि ते खरंही आहे. पण दहाव्या वर्षी! मी दहावीपर्यंत गणितात रडत होते आणि तरी इंजिनिअर झाले. त्या दिवशी घरी येऊन नवऱ्याशी मुद्दाम मोठ्याने मराठीत भांडले.

तर तुझं उत्तर: ऑफर घे. निदान एक वर्ष कर. एमएसच्या जागा कुठे पळून जात नाहीत. बऱ्याच विद्यापीठांत हिवाळी सेमिस्टरच्या अर्जाची मुदत १५ जुलैच्या आसपास असते, काहींची त्याआधीच संपते, प्रत्येकाची वेगळी पाहा. पगार झाला की घरात खर्च कर, वडिलांना एफडी करू देऊ नकोस. आणि पुण्यात राहणारच आहेस तर मॅक्स म्युलर भवनात जर्मन सुरू कर, बी१ या मधल्या पातळीपर्यंत तरी तिथेच उरक. इथे येऊन शिकू म्हणणारे इथे आल्यावर असाइनमेंट आणि पार्ट टाइम कामातच अडकतात.