टर्बो पेट्रोल गाडी रिमॅप करण्याआधी काय तयारी करावी?

तुमची २०१८ची पोलो जीटी टीएसआय, ६२ हजार किलोमीटर, आणि प्रश्न असा की स्टेज वनआधी (म्हणजे मोठे पार्ट न बदलता केलेल्या पहिल्या पायरीच्या रिमॅपआधी) काय बदलावं नि कुठला ट्यूनर, म्हणजे रिमॅप करणारा, गाठावा. रिमॅप म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली (ईसीयूमधली) सेटिंगची फाइल बदलून ताकद वाढवणं. एअर फिल्टर-बिल्टर नंतर बघू हो. कंपनीच्या फाइलवर गाडी धडधाकट आहे का, ते आधी तपासा. मुरलेलं दुखणं रिमॅपनंतर वर येतं आणि नाव मात्र रिमॅपचं खराब होतं. आमच्या दाजींना हे कित्येक वर्षं सांगतोय.

माझी फियाट लिनिया टी-जेट होती, २०११ची, रांजणगावला बनलेली. कंपनीचे आकडे ११४ पीएस ताकद आणि २०७ एनएम टॉर्क (इंजिनाचा पीळ). ७८ हजारांवर रिमॅप केला. ट्यूनरने ‘गाडी ओके आहे ना?’ एवढंच विचारलं, मी मान डोलावली, चाळीस मिनिटांत फाइल पडली. पुढच्या शनिवारी ताई, दाजी आणि भाच्यांना घेऊन साताऱ्याला निघालो. खंबाटकीत चौथ्या गिअरला पाय दाबला तर आरपीएमचा काटा तीन हजारांवरून थेट साडेचारवर, आणि गाडीचा वेग आहे तेवढाच. क्लच घसरत होता. मागोमाग एसीतून तो जळका वास. दाजी म्हणाले, ‘सांगितलं होतं.’ तेव्हापासून घरातल्या प्रत्येक पंगतीत हा किस्सा वाढला जातो.

गिअरबॉक्स उतरवल्यावर फिटरने क्लचप्लेट हातात दिली. अस्तर पार रिवेटांपर्यंत झिजलेलं, फ्लायव्हीलवर निळे डाग. आठवड्यात एवढी झीज होत नसते. आणि त्या ७८ हजारांतले सहा महिने गाडी दाजींकडेच होती. चढावरच्या सिग्नलला ते ब्रेक लावत नाहीत, अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवतात. मी शेजारी बसून पाहिलंय.

त्याच फिटरने मग जे केलं ते तुम्ही फाइल टाकण्याआधी करून घ्या. टर्बोच्या इनलेटला पीव्हीसीचं बूच लावलं, त्यात ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवलेला, आणि कंप्रेसरने जेमतेम एक बार हवा भरली. सगळ्या पाइपांवर साबणाचं पाणी मारलं. टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या खालच्या क्लॅम्पपाशी भसाभसा फेस आला. अशी गळती एरवी कळतच नाही, कारण ठरलेला बूस्ट (टर्बोने भरलेल्या हवेचा दाब) गाठायला ईसीयू टर्बोला जास्त पळवतो. रिमॅपनंतर बूस्ट आणखी वाढतो, टर्बो आणखी पळतो, हवा आणखी तापते आणि नॉकिंग, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून इंजिनात ठोके बसणं, सुरू होतं. स्पार्क प्लग काढले तर त्यांची गॅपही (ठिणगी पडते ती फट) वाढलेली. दाब वाढला की अशा गॅपमधली ठिणगी विझते, गाडी झटके खाते, आणि लोक कॉइल बदलत बसतात. नवे प्लग घाला, गॅप ट्यूनर सांगेल तेवढी ठेवा. कॉम्प्रेशन टेस्ट, ताजं ऑइल, आणि इंटरकूलरच्या जाळीतला चिखल, हे वेगळं सांगायला नको.

पेट्रोल कुठलं भरणार ते आधी ठरवा. फाइल ज्या ऑक्टेनसाठी (पेट्रोल नॉकिंगला किती तोंड देतं तो आकडा) बनवली असेल, त्याहून कमी ऑक्टेनचं पेट्रोल भरून घाट चढू नका.

तुमच्या गाडीला मात्र डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे, त्यामुळे माझा क्लचचा अनुभव जसाच्या तसा लागू नाही. त्या कोरड्या क्लचच्या सात गिअरच्या बॉक्सची मर्यादा २५० एनएम आहे, तुमचं इंजिन मुळात १७५चं. ट्यूनरला टॉर्क २५०च्या बराच खाली ठेवायला सांगा. पहिल्या-दुसऱ्या गिअरला आत्ताच थरथर असेल तर रिमॅप विसरा, आधी बॉक्स दाखवा. वॉरंटी उरली असेल तर ती गेलीच समजा. इन्शुरन्सवाल्यांनाही कळवा, नाहीतर क्लेमच्या वेळी वाद होतो.

आणि हो, रिमॅपच्या महिनाभर आधी पाचव्या गिअरला चढावर क्लच किंचित घसरतोय, हे मला जाणवलं होतं. दाजींना हे अजून सांगितलेलं नाही.

ट्यूनरचं नाव सांगत नाही. फाइल टाकण्याआधी जो तिसऱ्या गिअरचा लॉग (गाडी पळवताना नोंदलेले ईसीयूचे आकडे) मागतो आणि तुमची मूळ फाइल पेनड्राइव्हवर देतो, त्याच्याकडे जा.