ग्लॅडिओलसचे कंद लावण्याआधी

नुकते काढलेले कंद लगेच लावू नका. काढणीनंतर ते सुप्तावस्थेत जातात. पाणी, खत काहीही द्या, कोंब हलत नाही. थंडीने ही झोप मोडते. आधी सावलीत, वारा लागेल असे दोन-तीन आठवडे सुकवा, जुना वाळका कंद खालून मोडून काढा आणि मग जाळीच्या पिशवीत 4 ते 5 अंश सेल्सिअसला साधारण तीन महिने ठेवा. प्लास्टिकची बंद पिशवी अजिबात नको, आत घाम धरून कंद सडतात. फ्रीजमध्ये ठेवणार असाल तर सफरचंद, केळी शेजारी नकोत. बाहेर काढल्यावर काही दिवस सावलीत राहू द्या. बुडाशी मुळांचे बारीक पांढरे ठिपके दिसले की लावा.

आकाराचं म्हणाल तर 4 ते 5 सेंटिमीटर व्यासाचा कंद घ्या, दांडा लांब आणि फुलं भरपूर येतात. पण नुसता व्यास बघू नका! पसरट, चपट्या कंदापेक्षा उंच, गुबगुबीत कंद मला केव्हाही सरस वाटतो. अडीच सेंटिमीटरखालच्यांकडून यंदा फारशी अपेक्षा नको. आणि बुडाला चिकटलेले वाटाण्याएवढे बारके कंद फेकू मात्र नका. वेगळ्या वाफ्यात लावून एक-दोन हंगाम पोसले की तेही फुलतात.