मुलांच्या कॅन्सरसाठी दिलेली देणगी पगारावर खर्च झाली तर ती वाया गेली का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दहा हजार रुपये द्यायचे आहेत, पण कॅन्सरच्या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांच्या हिशेबात पगार आणि घरभाडं दिसतंय, काही तर नुसत्या सभाच घेतात, मग थेट एखाद्या मुलाच्या केमोलाच का देऊ नयेत?

मी काही वर्षं मुंबईतल्या एका छोट्या कौटुंबिक ट्रस्टमध्ये मदतीचे अर्ज वाचायचो. तेव्हा मीही तुमच्यासारखाच विचार करायचो. अर्जात 'मानधन' दिसलं की त्यावर रेघ मारायची! एका संस्थेने दोन समाजसेविकांचा पगार मागितला होता. आम्ही तो कापला आणि त्याऐवजी मुलांची खेळायची खोली रंगवून दिली. भिंतीवर आमची पाटीही झळकली. वर्षभराने त्यांचा अहवाल आला, त्यात उपचार अर्धवट सोडून गावी गेलेल्या मुलांचा आकडा होता. मी जरा चढ्या आवाजातच फोनवर विचारलं, "यांचा पाठपुरावा का नाही केलात?" पलीकडच्या बाई शांतपणे म्हणाल्या, "करणार कोण? ती माणसं तुम्हीच कापलीत."

मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणाऱ्या रक्ताच्या कॅन्सरचे, म्हणजे एएलएलचे, उपचार दोन वर्षांहून जास्त चालतात. सुरुवातीचे महिने जड असतात, पण नंतर बराच काळ मुख्यतः गोळ्या आणि तपासण्या असतात. तोवर पोराचे केस परत आलेले असतात, ते अंगणात खेळत असतं. बापाचा रोज बुडालेला, गावी दुसरी दोन पोरं आजीकडे. 'बरा झालाय की,' म्हणून घरचे यायचे थांबतात आणि आजार उलटतो. अशा वेळी गोळ्या फुकट देऊन भागत नाही. त्यांच्या भाषेत बोलणारं, तिकिटाची सोय करणारं आणि तारीख चुकली की त्याच दिवशी फोन करणारं माणूस लागतं.

परळच्या टाटा रुग्णालयात मुलांच्या विभागाने नेमकी हीच व्यवस्था उभी केली. आज इम्पॅक्ट फाउंडेशन या नावाने ते काम चालतं. पूर्वी तिथे पाचातलं एक मूल उपचार नाकारायचं किंवा मध्येच सोडायचं, ते प्रमाण पाच टक्क्यांच्या आत आलं. औषधं, राहणं, खाणं, समुपदेशन हे सगळं एकत्र जुळवल्यामुळे हे झालं.

भाड्याचंही तसंच. केमोनंतर काउंट पडलेले (म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या रक्तपेशी कमी झालेल्या) असताना ताप आला, तर मुलाला ताबडतोब रुग्णालयात न्यावं लागतं. फुटपाथवर किंवा दहा जणांच्या खोलीत राहणाऱ्या मुलाला संसर्ग व्हायला वेळ लागत नाही. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेने अशा कितीतरी कुटुंबांना आसरा दिलाय. २००६ मध्ये मुंबईतच सुरू झालेली सेंट ज्यूड इंडिया ही संस्था तर प्रत्येक कुटुंबाला मोफत, स्वच्छ, स्वतंत्र जागा देते आणि स्वयंपाक आईच्याच हातचा असतो. (अमेरिकेतल्या त्याच नावाच्या रुग्णालयाचा या संस्थेशी संबंध नाही. हा घोळ फार जणांचा होतो.) म्हणजे इथे भाडं हा उपचाराचाच भाग झाला.

राहता राहिली ती 'नुसत्या सभा घेणारी' मंडळी, म्हणजे सरकार आणि डॉक्टरांकडे मुलांच्या कॅन्सरचा विषय लावून धरणाऱ्या संस्था. त्यांनाही मी हल्ली नाक मुरडत नाही. श्रीमंत देशांत ८० टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात, गरीब देशांत फार कमी. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने २०३० पर्यंत जगभरात किमान ६० टक्के मुलं जगवायचं लक्ष्य ठेवलं. पण सरकारी योजनेत मुलांची औषधं कोणती बसतात, जिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरला डोळ्यातली पांढरी चमक पाहून रेटिनोब्लास्टोमाची (डोळ्याच्या कॅन्सरची) शंका येते का, यासाठी कुणालातरी वर्षानुवर्षं दारं ठोठावावीच लागतात. त्याचा फोटो निघत नाही, त्यामुळे पैसेही मिळत नाहीत. आमच्या ट्रस्टनेही कधी दिले नाहीत.

तेव्हा संस्थेला 'पगारावर किती टक्के?' असं विचारू नका. गेल्या वर्षी किती मुलांनी उपचार मध्येच सोडले आणि त्यातली किती परत आणली, ते विचारा. हा आकडा ज्यांच्याकडे तयार असतो, त्यांना मी अट न घालता देतो. देणगीवरच्या करसवलतीची पावती (जिला ८०जीची पावती म्हणतात) जरूर घ्या. मात्र नवी करप्रणाली निवडली असेल तर तिची वजावट मिळत नाही, तो हिशेब आधीच करून ठेवा.