थिसिसचा विषय नातेवाईकांसाठी निवडायचा का?

प्रश्न : मुलगी एमएस्सी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, मेडिकल सर्जिकल. त्याआधी तीन वर्षं सरकारी हॉस्पिटलच्या वॉर्डात नोकरी केली. आता सिनॉप्सिस (थिसिसचा आराखडा) द्यायचाय तर म्हणते सलाईनच्या सुईवर थिसिस करणार. एवढं शिकून सुईवर? नातेवाईकांना काय सांगायचं? परदेशात जायला उपयोगी पडेल म्हणून मी एआय, रोबोटिक्स सुचवलं. एक जण पैसे घेऊन अख्खा थिसिस लिहून द्यायला तयार आहे. चांगले विषय सुचवा.

उत्तर : नमस्कार. विषय मी एकही सुचवणार नाही, कारण विषय तुमच्या घरात आहे आणि तो चांगला आहे. मला काळजी वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. अख्ख्या पत्रात मुलीचं म्हणणं एका वाक्यात आलंय, तेही खोडून काढण्यापुरतं. जिने तीन वर्षं नाइट ड्युट्या काढल्या तिला आपल्या कामातलं काय तपासण्यासारखं आहे हे कळणार नाही आणि लग्नाकार्यात भेटणाऱ्या मावशी-काकांना कळेल, असं खरंच वाटतं का तुम्हाला? ती तुमच्याशी वाद घालत नसेलही, पण दोन वर्षांच्या कोर्समध्ये ज्या विषयावर दिवसरात्र घालवायचे तो मनाविरुद्ध असला तर काय होतं ते मी बघितलंय, मुलं गाइडसमोर जायचंच टाळतात, आणि मग तो "लिहून देणारा" बरोबर दारात हजर असतो. त्याला आजच नाही म्हणून सांगा. थिसिसमध्ये हे काम माझं स्वतःचं आहे असं सही करून लिहून द्यावं लागतं आणि सही तिची असणार. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरचे एक्झामिनर सॅम्पल साइज कसा काढला म्हणून विचारतात तेव्हा तो माणूस शेजारी बसलेला नसतो.

आता परदेशाचं. एआयवर थिसिस केला की परदेशात नोकरी लागते हा गैरसमज मला वरचेवर भेटतो. अमेरिकेला एनक्लेक्स ही नर्सिंग लायसन्सची परीक्षा, इंग्लंडला भाषेची परीक्षा आणि तिथल्या नर्सिंग कौन्सिलची, म्हणजे एनएमसीची टेस्ट, जर्मनीला जर्मन भाषा आणि डिग्रीची मान्यता, ही वाट सगळ्यांना माहीत आहे. यात बघतात ते शिक्षण, कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, भाषा आणि अनुभव. थिसिसच्या विषयाला तिथे मार्क नाहीत. इंटरव्ह्यूत विचारलंच तर जे स्वतः पेशंटजवळ उभं राहून केलंय तेच धड सांगता येतं. आणि जिथे एआय वापरातच नाही त्या हॉस्पिटलमध्ये त्यावर करणार काय? नर्सेसना एआयबद्दल किती माहिती आहे याची प्रश्नावली, मग एक लेक्चर, मग परत तीच प्रश्नावली. मार्क वाढणारच, आत्ताच तर शिकवलंय! असे थिसिस ढिगाने पडलेत, त्याने एका पेशंटचं दुखणं कमी होत नाही.

सुईचं तसं नाही. कॅन्युला, म्हणजे हीच सलाईनची सुई, लावल्यावर कुणाची शीर लाल होते, हात सुजतो, मग सूज उतरायला ग्लिसरीन मॅगसल्फची पट्टी ठेवायची आणि दुसऱ्या हातात पुन्हा टोचायचं. हे तिने रोज बघितलंय. ड्रेसिंगवर तारीखच लिहिलेली नसेल तर सुई कधी लावली ते पुढच्या ड्युटीच्या सिस्टरला कळणार कसं?

आता थोडं मुलीशी. ताई, बाबा हे तुला दाखवतील अशी आशा आहे. विषय सोडू नकोस, फक्त प्रश्न बारीक कर. "कॅन्युलाचा अभ्यास" असं लिहून चालणार नाही. कोपराच्या घडीत लावलेली सुई आणि हाताच्या खालच्या भागात लावलेली सुई, यांत शीर लवकर कुठे सुजते, असं काहीतरी एकच धर. मोजायला व्हीआयपी स्कोअर आहेच, सुईच्या जागेची शीर किती सुजली ते बघून द्यायचे मार्क, शून्य ते पाच, दोनला कॅन्युला बदलायची. नुसतं निरीक्षण असेल तर एथिक्स कमिटीची परवानगी आणि पेशंटची संमती घेऊन तुझ्याच वॉर्डात जमेल. पण दोन पद्धती स्वतः लावून तुलना करणार असशील तर पहिला पेशंट घ्यायच्या आधी सीटीआरआयवर, म्हणजे क्लिनिकल ट्रायल्सच्या सरकारी नोंदवहीत, नोंदणी कर, नंतर होत नाही. गाइडकडे जाण्याआधी मेट्रनना भेटून वॉर्डात रोज साधारण किती कॅन्युला लागतात ते विचार आणि तो आकडा घेऊनच जा.