घर-सल्ला : नक्षीची फरशी आणि कूलरचे पाणी

प्रश्न : नागपुरातील आमच्या जुन्या घराची दुरुस्ती सुरू आहे. १५ बाय १२ फुटांची बैठकीची खोली आणि स्वयंपाकघरातील ओट्यामागची भिंत येथे नक्षीच्या टाइल्स लावायच्या आहेत. दुकानात चकचकीत टाइल्स मनात भरल्या. परंतु घरात वयस्क सासूबाई आहेत. शिवाय सांधा न ठेवता टाइल्स जोडून बसवल्या तर नक्षी अखंड दिसेल, असे मिस्त्री म्हणतात. काय करावे?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : आपण सासूबाईंचा उल्लेख केला, कूलरचा मात्र नाही, आणि नागपुरातल्या घरात फरशी निवडताना आधी कूलरच आठवायला हवा. उन्हाळ्याचे तीन-साडेतीन महिने तो खिडकीत चालतो, पाणी भरताना बादली हिंदकळते, आत शिंतोडे येतात आणि खिडकीखालची दोन-तीन फूट जमीन ओलसरच राहते. चकचकीत टाइल नेमकी तिथे दगा देते. म्हणून बैठकीच्या जमिनीला मॅट टाइलच घ्यावी. घसरण रोखण्याचा दर्जा ‘आर ९’ ते ‘आर १३’ असा सांगतात. आकडा जितका मोठा तितकी पकड अधिक, आणि घरात ‘आर १०’ पुरते. दुकानदाराला तो सांगता आला नाही, तर नमुन्यावर पाणी ओतून ओल्या तळव्याने दाबून पाहावे. त्याच वेळी त्यावरून पोछाही फिरवावा, कारण फार खरखरीत टाइलवर कापडाचे धागे अडकतात आणि मळ बसतो.

बोअरवेलचे जड पाणी वाळले की काळ्या किंवा गडद निळ्या मॅट टाइलवर पांढरट कडी उमटतात. त्यामुळे खोलीभर नक्षी पसरण्याऐवजी मधोमध ६ बाय ८ फुटांचा नक्षीचा गालिचा करून सभोवती राखाडी किंवा वाळूच्या रंगाची साधी टाइल लावावी, असे मला वाटते. फर्निचरखाली झाकली जाणारी नक्षी विकत घेण्यात तसाही अर्थ नाही. अनेक नक्ष्या चार टाइल्स जुळल्यावरच पूर्ण होतात. तेव्हा एकीवर भाळू नये. चार टाइल्स घरी आणून दिवसभर जमिनीवर ठेवाव्यात, कारण दुकानातल्या दिव्यांखाली दिसलेला रंग आपल्या खिडकीच्या उजेडात तसाच दिसेल याची खात्री नसते.

मिस्त्रींचे म्हणणे मात्र मान्य करू नये. उष्णतेने फरशी आणि खालचा थर प्रसरण पावतात. सांध्यात जागा नसली की टाइल्स एकमेकींना रेटतात आणि कधी भर दुपारी मोठा आवाज होऊन जोडीने वर उठतात. स्पेसर (टाइल्समध्ये सारखे अंतर राखणारे प्लॅस्टिकचे तुकडे) लावून किमान २ ते ३ मिलिमीटर सांधा ठेवावा आणि भिंतीलगतही थोडी फट सोडावी, ती स्कर्टिंगखाली (भिंतीच्या पायथ्याच्या पट्टीखाली) झाकली जाते. सांध्यामुळे टाइल्सच्या मापातला बारीक फरकही पोटात घेतला जातो, नाहीतर पाचव्या-सहाव्या रांगेत नक्षीची रेघ सरकू लागते. सांधे भरण्याचे ग्राउट पांढरे न घेता नक्षीच्या पार्श्वभूमीच्या रंगाचे घ्यावे.

ओट्यामागे चकचकीत टाइल खुशाल लावावी. फोडणीचे तेल आणि हळद तिच्यावरून पुसली जाते. सांधे मात्र पिवळे पडतात, म्हणून तिथे डाग न शोषणाऱ्या एपॉक्सी (राळेच्या) ग्राउटचा खर्च करावा. भिंतीची सिरॅमिक टाइल उरली म्हणून जमिनीवर वापरू नये. ती बहुधा १० टक्क्यांहून अधिक पाणी शोषते, तर जमिनीच्या व्हिट्रिफाइड (भाजून काचेसारख्या घट्ट केलेल्या) टाइलमध्ये हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आत असते.

खरेदी एकदमच करावी, सर्व खोक्यांवरील शेड आणि बॅच क्रमांक एकच असल्याचे पाहावे आणि १० टक्के टाइल्स जास्त घ्याव्यात.

प्रश्न : महाल भागातील आमच्या वाड्यात आजोबांच्या काळची रंगीत सिमेंटची फरशी आहे. ती काढून टाकावी का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : ठोकून पाहिल्यावर पोकळ आवाज येत नसेल तर मुळीच नाही. ही फरशी भट्टीत भाजलेली नसते. साच्यात रंगीत सिमेंट ओतून, दाबाखाली घट्ट करून ती तयार होते आणि तिचा रंग काही मिलिमीटर खोल असतो. म्हणून घासाई केली की नक्षी पुन्हा उजळते. फक्त आम्लापासून तिला जपावे : लिंबू, चिंच आणि बाथरूम साफ करण्याचे ॲसिड तिला खाते. पॉलिशनंतर सीलर (डाग आत मुरू न देणारा लेप) लावून घ्यावा. दोन-चार फुटलेल्या फरश्यांच्या जागी पलंगाखालच्या किंवा कपाटाखालच्या चांगल्या फरश्या काढून बसवाव्यात आणि झाकली जाणारी जागा साध्या कोब्याने भरावी.